रक्तातले शिसे मोजायचे कोणी?

जून २०१५मधला एक आठवडा मला चांगला लक्षात आहे. मॅगीवर बंदी आली होती. उत्तर प्रदेशात बाराबंकीला घेतलेल्या नमुन्यात दहा लाख भागांत १७.२ भाग शिसे निघाले, मर्यादा २.५ची, आणि टीव्हीवर दिवसभर तेवढेच चालू होते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी घरातली सात पाकिटे कचऱ्यात टाकली. वर कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना बजावले, "तुम्ही घरी नेऊ नका हो, शिसं आहे त्यात."

त्याच आठवड्यात पावसाआधी जिन्याच्या ग्रिलला रंग द्यायचा म्हणून रंगारी आले होते. इमारत १९८४ची. ग्रिलवर हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पुन्हा हिरवा असे ऑइलपेंटचे थर साचलेले. रंगाऱ्याने पोपडे खरवडले, मग कोरडा पॉलिश पेपर मारला. सगळ्या पायऱ्यांवर पोपटी भुकटी पसरली. वहिनींचा दीड वर्षाचा नातू त्या पायऱ्यांवर बसून हाताने ती भुकटी गोळा करत होता आणि मधूनच बोटे तोंडात घालत होता. आम्ही चारपाच जण तिथेच उभे राहून मॅगीवर बोलत होतो.

मॅगीचे पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, फेरचाचण्यांत शिसे मर्यादेत निघाले आणि नोव्हेंबरात पाकिटे परत दुकानात आली. आमच्या जिन्यातली भुकटी मात्र कोणी तपासली नाही. त्या काळच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्यात, दहा लाख भागांत शिशाचे हजारो भाग सापडणे ही नवलाची गोष्ट नव्हती. मॅगीच्या १७.२वर देश हादरला होता!

शिशाबद्दल आपल्याकडे बोलले जात नाही असे नाही. "काळजी घ्या" हा सल्ला भरपूर मिळतो. पण कोणाच्या रक्तात किती शिसे आहे हे मोजण्याची व्यवस्था आपण उभीच केलेली नाही. त्यामुळे काळजी कशाची घ्यायची, कुठे घ्यायची आणि घेऊन उपयोग झाला का, यातले काहीच कळत नाही. माझी तक्रार याच गोष्टीबद्दल आहे.

आधी हे पाहू की मोजल्याशिवाय ते दिसत का नाही. शिसे शरीराला फसवते. ते कॅल्शियमच्या वेषात येते. आतडे त्याला कॅल्शियम समजून आत घेते आणि हाड कॅल्शियम समजून साठवून ठेवते. रक्तातले शिसे महिन्या-दोन महिन्यांत ओसरते, हाडातले वीस-तीस वर्षे मुक्काम ठोकते. लहानपणी एखाद्या मुलीच्या हाडांत ते असे साठले, की पुढे ती मुलगी मोठी होते, गरोदर राहते, बाळाची हाडे घडायला तिच्या हाडांतून कॅल्शियम सुटू लागते. त्याच्यासोबत जुने शिसेही सुटते आणि वारेतून बाळापर्यंत पोचते. आजीच्या वाड्यातल्या पाळण्याचा चाटलेला रंग असा नातवापर्यंत जाऊ शकतो.

मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा शरीरात शोषला जातो. लहान मुलात हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. अंगात लोह कमी असेल तर आणखी वाढते. आता आपल्या राज्याची स्थिती आठवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. शिसे स्वतःच हिमोग्लोबिन बनण्यात खोडा घालते. म्हणजे लोह कमी म्हणून शिसे जास्त शोषले जाते आणि शिसे जास्त म्हणून रक्त कमी बनते. या मुलांना आपण लोहाचे औषध देतो ते योग्यच आहे. पण औषध देऊनही ज्याचे हिमोग्लोबिन हलत नाही त्या मुलाच्या रक्तात आणखी काय आहे, हे विचारणारा रकाना कुठल्याच कार्डावर नाही.

रक्तातले शिसे डेसिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये सांगतात. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, त्यातले पाच घेतले आणि अर्ध्या पेल्या रक्तात मिसळले, एवढीशी ही गोष्ट. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच किंवा त्याहून जास्त निघाले तर शिसे कुठून येते ते शोधा. अमेरिकेने १९९१मध्ये दहाचा आकडा धरला होता, २०१२मध्ये पाचवर आणला, २०२१मध्ये साडेतीनवर. 'इथपर्यंत सुरक्षित' अशी रेघ कोणालाच सापडलेली नाही, म्हणून रेघ खाली सरकत राहिली. उलट संशोधनातून असे दिसले, की बुद्धीचे नुकसान पहिल्या काही मायक्रोग्रॅममध्येच सर्वात वेगाने होते.

आपल्याकडे पडलेला दुधाचा दात कौलांवर फेकतात. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या दोन गावांत हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरने शाळकरी मुलांचे असे दात जमवले आणि त्यांतले शिसे मोजले. १९७९मध्ये त्याने निष्कर्ष छापले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्या मुलांचा बुद्ध्यांक कमी आणि वर्गातले लक्षही कमी. त्यांतल्या एकाही मुलाला 'आजारी' म्हणून कोणी दवाखान्यात नेले नव्हते. बुद्ध्यांक चार गुणांनी घसरला तर आईबापाला ते कळायचे कसे? "गणितात जरा कच्चा आहे," "एका जागी बसत नाही," "बापावर गेलाय," एवढ्यावर विषय संपतो. पोट धरून लोळणारे, झटके येणारे मूल फार उशिरा दिसते. नायजेरियात झाम्फारा प्रांतात २०१०मध्ये सोन्याचे खनिज घरच्या अंगणात कुटल्यामुळे चारशेहून अधिक मुले दगावली, तेव्हा जग जागे झाले. चार गुणांसाठी कोणी जागे होत नाही.

"आमच्या वेळी हे सगळं होतंच की, आम्हाला काय धाड भरली?" हे वाक्य मी माझ्या मामांकडून शेकडो वेळा ऐकले. मामा छापखान्यात जुळारी होते, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर रचणारे. डाव्या हातात स्टिक, समोर खणाखणांची तिरकी केस आणि उजव्या हाताने खिळे वेचत ओळ भरायची. बोलत असले तरी हात थांबत नसे. खिळ्यांचा धातू म्हणजे मुख्यतः शिसे, कडकपणासाठी अँटिमनी आणि जोडीला थोडे कथील. दिवसभरात त्यांची बोटे करडी होत आणि चारच्या चहाला त्याच बोटांनी पाव मोडला जाई. मालक रोज प्रत्येकाला गुळाचा खडा देत, 'शिसं उतरतं' म्हणून. दूध पिणारा जुळारी जास्त शहाणा समजला जाई. दुधातल्या कॅल्शियमची थोडी मदत होतही असेल. पण हात धुवायला कोनाड्यात साबणाची वडी ठेवली असती तर त्याहून जास्त झाली असती.

मामा ८१ वर्षे जगले. पन्नाशीत त्यांचा रक्तदाब वाढला, पुढे मूत्रपिंडे थकली. दोन्ही गोष्टी शिशाने होतात, दोन्ही शिशाशिवायही होतात. त्यांचे रक्त आयुष्यात एकदाही शिशासाठी तपासले गेले नाही. तेव्हा शिशामुळेच झाले असे मी म्हणू शकत नाही. पण "काही झालं नाही" हे म्हणायलाही मामांकडे काही आधार नव्हता. गंमत अशी, की १९४८च्या कारखाने कायद्यात सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी आहे आणि तिच्यातला पहिलाच रोग शिशाची विषबाधा हा आहे. कायदा करणाऱ्यांना माहीत होते. छापखान्याच्या मागच्या खोलीपर्यंत ते पोचले नाही.

लोकांना मात्र शिशाचा वहीम फार जुना आहे. जुन्या गवयांच्या गोष्टीत एक प्रसंग हमखास यायचा. प्रतिस्पर्ध्याने विड्यातून शेंदूर घातला आणि बुवांचा आवाज कायमचा गेला. खरे किती, रंगवलेले किती ते सोडा. शेंदूर पोटात जाता कामा नये, हे आजीला ठाऊक होते. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म, लाल ऑक्साइड. लोखंडी पुलांना गंज चढू नये म्हणून वर्षानुवर्षे जो शेंदरी लेप द्यायचे तो हाच. बॅटरीच्या पट्ट्यांत भरतात तोही हाच. आणि गावाच्या वेशीवरच्या मारुतीला तेलात कालवून लावतात तोही हाच. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर २०२२मध्ये काढले, तेव्हा आतले रूप आजच्या भाविकांना प्रथमच दिसले. इतकी पुटे पिढ्यानपिढ्या चढली होती. पुजारी त्याच अंगठ्याने मुलाच्या कपाळी शेंदूर लावतात आणि त्याच हाताने खोबऱ्याचा तुकडा देतात. मुलगा कपाळ पुसतो, मग खोबरे खातो.

कोणाच्या भक्तीला हात घालायचा माझा विचार नाही. आज दुकानात शेंदूर म्हणून मिळणाऱ्या पुडीत कधी खरे शिसे असते, कधी नुसती रंगवलेली भुकटी. पुडीवर मात्र यातले काहीच छापलेले नसते. भांगात भरायच्या सिंदूराचे अमेरिकेत न्यू जर्सीच्या संशोधकांनी ११८ नमुने तपासले. तिथल्या दुकानांतल्या ८३ टक्के आणि मुंबई-दिल्लीहून नेलेल्या ७८ टक्के नमुन्यांत ग्रॅममागे किमान एक मायक्रोग्रॅम शिसे होते. हे २०१७मध्ये छापून आले. मुंबईची पुडी न्यू जर्सीत तपासली जाते आणि मुंबईत तपासली जात नाही, याचे मला जास्त वाईट वाटले. भांड्यांचेही तेच. आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या बॅगेत एक हिंडालियमची कढई असतेच. भारतातून येणाऱ्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसे उतरते, ती विकू नका, असा इशारा २०२५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिला. भंगारातला धातू वितळवून भांडी ओतली की त्यात काय काय येते ते ओतणाऱ्यालाही माहीत नसते. कल्हईवाल्याची तीच अडचण. शुद्ध कथलाच्या कल्हईत धोका नाही. पण कथील शिशाच्या दहा पटींहून महाग, दिसायला दोन्ही सारखे, आणि तो बिचारा कांडी विकत आणतो ती दुकानदाराच्या शब्दावर. त्याला दोष देऊन काय मिळणार?

आता सगळ्यात मोठ्या ठिकाणाकडे येऊ. ते स्वयंपाकघरात नाही. जगात दरवर्षी वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी ८० टक्क्यांहून जास्त बॅटऱ्यांत जाते. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रात घरोघर इन्व्हर्टर आले. त्यात ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या आणि ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांची भर पडली. बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते. ती मेली की काय होते? कायद्याप्रमाणे ती विक्रेत्याकडे आणि तिथून नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यात जायला हवी. २००१च्या नियमांत हे होते, २०२२च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर आणखी घट्ट केली. प्रत्यक्षात दारावर भंगारवाला येतो, दुकानदारापेक्षा दोनशे रुपये जास्त देतो आणि आपण खूश होतो. त्याला ते परवडते, कारण त्याच्या साखळीच्या टोकाला धूर गाळायचा खर्चच नसतो. तिथे कुऱ्हाडीने बॅटरी फोडतात, आम्ल जमिनीवर सोडून देतात, पट्ट्या उघड्या भट्टीत वितळवून शिशाच्या लाद्या पाडतात. भट्टी शहराबाहेर, कुंपण नसलेल्या जागेत. रात्री पेटते, सकाळी विझते. राखेचा थर शेजारच्या ज्वारीवर आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. काम करणारा तेच कपडे घालून घरी जातो आणि मुलाला उचलून घेतो. सेनेगलमध्ये डकारजवळच्या थियारोये या वस्तीत २००७-०८मध्ये अशाच कामातून १८ मुले गेली. आपल्याकडे किती गेली हे मला सांगता येणार नाही, कारण अशा मृत्यूच्या दाखल्यावर 'झटके' लिहिले जाते.

दोनशे रुपयांचा मोह सोडा, असे वाचकांना सांगणे सोपे आहे. सांगतोही. पण शिशाच्या बाबतीत प्रत्येक वेळी घरच्या माणसाला, खरे तर घरच्या बाईला, शहाणे करून सोडायची जी पद्धत पडली आहे ती मला मान्य नाही. तिने फरशी ओल्या फडक्याने पुसावी, भांडी तपासून घ्यावीत, हळद कुटून घ्यावी, खेळणी निवडावीत, नवऱ्याचे कामाचे कपडे वेगळे धुवावेत. शिशाला वास नाही, रंगातून ते ओळखू येत नाही आणि चव लागलीच तर गोड. तिने ओळखायचे कसे? ब्रिस्बेनमधल्या लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरने मुलांच्या विषबाधेचा माग काढत घराच्या व्हरांड्यांचे रंगवलेले कठडे दाखवून दिले, ते १९०४मध्ये. तेव्हापासून शंभर वर्षे जगभर आयांना 'मुलाला कठडा चाटू देऊ नका' असे सांगितले गेले. फरक पडला तो रंगातून शिसे काढले तेव्हा. घरगुती रंगात दहा लाखांत ९० भागांहून जास्त शिसे नको, हा आपला नियम नोव्हेंबर २०१६चा. तो लागू झाला नोव्हेंबर २०१७पासून. डब्यावर तसे छापणेही बंधनकारक आहे. मात्र हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, औद्योगिक रंग त्याबाहेर राहिले. बागेतल्या घसरगुंडीला ठेकेदार कुठल्या डब्यातला रंग मारतो, हे बघायला कोणी जात नाही.

उगमाशी बंद केले तर किती लवकर होते, याचे शेजारचे उदाहरण बांगलादेशचे. तिथे गरोदर बायकांच्या रक्तात शिसे सापडत होते आणि आसपास कारखाना नव्हता. संशोधकांनी माती, भांडी, रंग तपासत शेवटी हळद गाठली. १९८०च्या दशकात पुरात हळकुंडे भिजून काळवंडली, तेव्हा पॉलिश करताना त्यांना पिवळा रंग चोळायची रीत पडली. तो रंग होता लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचेच एक संयुग, जो लाकडी सामानाला आणि प्लास्टिकला देतात. पुढे पूर नसतानाही रीत चालू राहिली, कारण ग्राहक पिवळीधमक हळदच उचलायचा. २०१९मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड टाकली, दोन व्यापाऱ्यांना दंड झाला, ते टीव्हीवर दाखवले गेले आणि गिरण्यांत तपासणी सुरू झाली. बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे होते. २०२१मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. दोन वर्षांत! ना मोठा कायदा लागला, ना मोठा पैसा. बंदुकीसारखे हातात धरायचे एक यंत्र हळकुंडावर रोखले की काही सेकंदांत शिसे सांगते, ते त्यांनी वापरले.

सांगलीची हळद देशभर जाते. २०१८मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आता वसमतची हळदही गाजते आहे. २०२४मध्ये छापलेल्या एका अभ्यासात भारतातल्या पाटणा आणि गुवाहाटीच्या नमुन्यांत शिसे फार जास्त निघाले. सांगलीचे नाव त्यात नाही याचा मला आनंद आहे. पण आपला माल चोख असेल तर ते यंत्र सौद्याच्या जागी असणे आपल्याच हिताचे नाही का? पोते फोडून बंबू घालून नमुना काढतातच, त्याच नमुन्यावर यंत्र रोखायचे.

आता मोजण्याबद्दल. अमेरिकेत १९७६ ते १९८०च्या आरोग्य सर्वेक्षणात हजारो लोकांचे रक्त शिशासाठी तपासले गेले. तेव्हा पेट्रोलमधले शिसे टप्प्याटप्प्याने कमी होत होते, आणि ते निर्बंध सैल करावेत असा तेल उद्योगाचा दबावही होता. आकडे मांडले तर पेट्रोलमधल्या शिशाची रेघ आणि रक्तातल्या शिशाची रेघ हातात हात घालून उतरताना दिसली. त्यापुढे वादाला जागाच उरली नाही. निर्बंध सैल होण्याऐवजी कडक झाले. त्या काळी तिथल्या लहान मुलांच्या रक्तात सरासरी १५ मायक्रोग्रॅम शिसे होते, आज ते एकाच्याही खाली आहे. जॉर्जिया या छोट्या देशाने २०१८मध्ये घरोघरच्या सर्वेक्षणात मुलांचे रक्त शिशासाठी तपासले. ४१ टक्के मुले पाचच्या वर निघाली. आधी कोणाला पत्ताच नव्हता. शोध घेतला तर मसाले हा एक मोठा उगम निघाला.

आपणही पेट्रोलमधून शिसे काढले. १९९५मध्ये चार महानगरांत सुरुवात झाली आणि १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. गेल्या तीस वर्षांतला सार्वजनिक आरोग्याचा हा एक मोठा निर्णय म्हणावा लागेल. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हवेतले आणि मुलांच्या रक्तातले शिसे मोजले होते, पण देशभराच्या मुलांचे आधी किती आणि नंतर किती, हे कोणी मोजलेच नाही. म्हणून त्या निर्णयाचे श्रेयही कोणी घेत नाही आणि उरलेल्या शिशाची लाजही कोणाला वाटत नाही. २०२०मध्ये युनिसेफने अंदाज दिला, की पाच मायक्रोग्रॅमच्या वर शिसे असलेली जगात ८० कोटी मुले आहेत आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतातली. मोठा आकडा आहे, पण तो अंदाज आहे. त्यातली नांदेडची किती, धारावीची किती, हे त्यातून निघत नाही. आणि अंदाजावर कुठला तहसीलदार भट्टी बंद करायला जाईल?

म्हणून मागणी साधी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, ठरलेल्या तीसेक व्याधी तपासतात. स्थानिक गरज पाहून राज्याला सिकलसेलसारख्या तपासणीची भर घालता येते. शिशाची भर घाला. टेबलावर मावणारे यंत्र रक्ताच्या दोन थेंबांवर तीन मिनिटांत आकडा देते. प्रत्येक मुलाला टोचायची गरजही नाही. प्रत्येक जिल्ह्यातली काही गावे, काही वस्त्या निवडा, तिथली काहीशे मुले तपासा आणि नकाशावर ठिपके मांडा. ठिपके जिथे दाट पडतील तिथे भट्टी, गिरणी, भांड्यांचे दुकान नाहीतर पाण्याची पाइप, जे असेल ते शोधायला माणूस पाठवा.

यावर डॉक्टर मित्र म्हणतात, "मोजून करणार काय? औषध आहे कुठे?" बरोबर आहे. शिसे बाहेर काढणारी औषधे साधारण ४५ मायक्रोग्रॅमच्या वर देतात आणि गेलेली बुद्धी तीही परत आणत नाहीत. पण म्हणूनच तर मोजायचे. इथे मुलाच्या रक्तातून आपण त्याच्या वस्तीचे निदान करत असतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कुपोषण आहे, क्षयरोग आहे, आशाताईंना आधीच पन्नास कामे आहेत, त्यात हे कुठे बसवायचे? मला याचे पुरते उत्तर सापडलेले नाही. एवढेच म्हणेन, की हिमोग्लोबिनसाठी बोट टोचलेच जाते आहे, आणि ६८.९ टक्क्यांचा आकडा वर्षानुवर्षे गोळ्या देऊनही हटत नसेल तर त्याच थेंबात शिसे बघणे हे वेगळे काम मोजायचे कारण नाही.

तोवर घरात जे करता येईल ते करावेच, माझा त्याला विरोध नाही. जुना रंग कोरडा घासू नये, पाणी मारून घासावा आणि तेवढे दिवस मुले व गरोदर बाई दुसरीकडे राहावी. झाडूने धूळ उडते, ओले फडके ती उचलते. नवा रंग घेताना डब्यावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ९० भागांची, ओळ वाचून घ्यावी. चिंच, कोकम, लोणचे जुन्या कल्हईच्या किंवा रंगीत झिलईच्या भांड्यात मुरत ठेवू नये. सुरमा बाळाच्या डोळ्यात अजिबात नको, खरा सुरमा शिशाच्याच खनिजाचा असतो. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात 'नाग' म्हणजे शिसे. भस्म असलेले औषध कोणी दिले तर त्यात नाग आहे का हे विचारावे, लाजू नये. नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, दूध पोटात असेल तर शिशाला आत शिरायला जागा कमी मिळते. बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी आणि पावती मागावी.

यंदा आमच्या ग्रिलला पुन्हा रंग द्यायचा होता. सभेत मी विषय काढला, थोडी टिंगल झाली. मग रंगाऱ्याला विचारले. तो म्हणाला, "ओला पेपर मारायचा म्हणजे दोन माणसांचे दोन दिवस वाढतात. तीन हजार सहाशे." सोळा फ्लॅट आहेत, प्रत्येकी सव्वादोनशे रुपये. सेक्रेटरींनी मंजूर केले, वहिनींनी हात वर केला. त्यांचा नातू आता सातवीच्या पुढे गेला आहे. शेवटच्या दिवशी बादली धुताना रंगाऱ्याने मला विचारले, "साहेब, मी बावीस वर्षं हेच करतोय. माझ्यात किती असंल?" मी शहरातल्या दोन लॅबना फोन केले. दोन्हीकडे सांगितले, नमुना मुंबईला जाईल, पाच दिवस लागतील. पैसे सांगितले ते त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढे.

"मग राहू द्या," तो म्हणाला, आणि शिडी उचलून खाली गेला.